खारट राख

माझी म्हैस आणि तिची पारडी चुलीच्या खारट राखेच्या ढिगात तोंड खुपसून चाटत होत्या, तेवढ्यात अंगभर पांढरा पोशाख घातलेला एक माणूस कुंपणावरून उडी टाकून ओरडत आला, "मावशी, ओढा त्यांना! विष आहे!"

भरे गावात आमच्या शेजारी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला विषारी औषध पाजायचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर तिथली विषारी माती उकरून न्यायचं काम चाललं होतं, हा त्याच कामावरचा. कारखान्यात उरलेले खांब आम्ही चुलीत जाळत होतो.

"म्हैस माझी हाय, तू कोण रं?" मी ओरडले.

त्यानं सरळ दावं धरलं. म्हैस उधळली. तो पार गोठ्यापर्यंत फरफटत गेला, पण दावं सोडलं नाही. मी काठी घेऊन मागं. या वयात मी इतकी कधी पळाले नव्हते!

म्हैस बांधून त्यानं आधी आपले हात धुतले, मग माझे राखेचे हात धरून खसाखसा धुतले.

"मावशी, वाळवी ज्याला तोंड लावत नाही ते लाकूड चुलीत घालता? जळालं तरी विष राखेत उरतं."

"फुकटचं लाकूड कोण सोडतंय?"

तो हसला आणि पारडीकडं वळला; ती अजून राखेपाशीच होती.

पौडहून जनावरांचा डॉक्टर आला. पारडी गेली. म्हैस जगली.