"घरचं हाय"

मुरबाडच्या कारखान्यात आमच्या लाइनवर एक पद्धतच पडली होती. मशीनवर हात भाजला की सांगायचं, "घरचं हाय, तवा लागला." गरम पट्टीने पिशव्या बंद करणारी ती मशीनं, त्यांवर आम्हा बायकांची बोटं सारखी पोळायची. पण दारातल्या फळ्यावर 'अपघाताविना दिवस' लिहिलेले असत, आणि तो आकडा मोडला तर सुपरवायझरचं प्रमोशन अडलं असतं. एकदा मी खरं सांगितलं, तर म्हणतो कसा, "ताई, भाकऱ्या जरा जपून भाजत जा." असा राग आला! पुढे त्याला कुणी काही सांगेचना. मशीन बिघडलं तरी सगळ्या गप्प.

प्रमोशन घेऊन तो गेला आणि लाइन माझ्याकडे आली. वाटलं, मी काय यांच्यातलीच, मला सांगतील. कसलं काय! मी जवळ गेले की बोलणं बंद. टोकावड्याहून येणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणीने तर माझ्याबरोबर डबा खाणंही सोडलं. फार लागलं ते मनाला.

महिन्याभरात एकीचा अंगठा पोळला. विचारायच्या आतच म्हणाली, "घरचं हाय गो." दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे होते. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं, असू दे की घरचं! नवी जबाबदारी, फळ्यावर आकडाही चांगला. मग तिचा अंगठा परत पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली. फडकं घेतलं, फळा पुसला आणि शून्य लिहिलं. सगळी लाइन बघत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फळा पाहिला आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं. मी म्हटलं, "मशीनवर भाजलं. पट्टीवरचं झाकण ढिलं आहे." ते तसेच पुढच्या लाइनकडे गेले. म्हटलं, गेली आपली लाइन! पण तासाभरात फिटर झाकण बसवायला आला.

जेवणाच्या सुट्टीत ती टोकावड्याची मैत्रीण समोर येऊन बसली.

"तीन नंबरच्या मशीनचं बंद करायचं बटन दाबलं तरी ते लगेच थांबत नाय," ती म्हणाली. "महिना झाला."

"महिना? आणि आज सांगतेस?" मी ओरडलेच.

"तुज्यावर भरवसा नव्हता."

तोंडावर सांगितलं मेलीने! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. "मग आता?"

"आता सांगितलं ना," ती म्हणाली. "ऊठ, आधी ते मशीन बंद कर."