आईच्या साडीच्या घडीतली पॉवर बँक

मंडळी, आज आईचा पहिला विमानप्रवास. कवठे महांकाळहून पुण्याला आलो, तिथून फौजेतल्या दादाकडं दिल्लीला.

चेक-इनची बॅग आत गेली आणि लगेच तपासणीवाल्यांचं आम्हाला बोलावणं आलं. बॅगेत पॉवर बँक दिसत होती. मी ठामपणे नाही म्हणाले.

बॅग उघडली तर भडंगाच्या पुड्याखाली, आईच्या इरकली साडीच्या घडीत पॉवर बँक. आमच्याकडं मोलाची वस्तू तिथंच ठेवतात.

"मावशी, सामानात ही पेटली तर कळणारही नाही. जवळ ठेवा," तपासणीवाला म्हणाला.

"म्हंजे काढून घेणार न्हाई नव्हं?"

आईनं ती दिल्लीपर्यंत मांडीवर धरली आणि दादाच्या हातात दिली. "आता चार्जिंग संपलं म्हणून फोन ठेवायचा न्हाई."

कायम हेच कारण देणारा दादा लाजून हसला.

तुमच्या आईनं साडीच्या घडीत काय जपलंय?