पियानोत बाबांची पेटी

बाबा गेल्यावर महिन्याभरात मी त्यांची पेटी घाटकोपरच्या एका भजनी मंडळाला देऊन टाकली. दानशूर ना मी. खरं कारण असं, की मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत मुलीचा डिजिटल पियानो यायचा होता. पियानो आला, मुलगी तीन महिने शिकली, मग तिला बॅडमिंटनची गोडी लागली. हल्ली त्या पियानोवर इस्त्रीचे कपडे असतात.

आईने पेटीबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त गाणं बंद केलं. दर गुरुवारी भजन म्हणणारी बाई वर्षभर गप्प, आणि ती गप्प असली की मला घरात अपराध्यासारखं वाटायचं. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी म्हटलं, "आई, त्या दिवशी बाबांचा आवडता अभंग म्हण ना." ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेटी वाजली तर म्हणतलंय."

पेटी माझ्या मोबाइलमध्ये होती, म्हणजे तिचं रेकॉर्डिंग. शेवटच्या वर्षी बाबांचा डावा हात गेला होता. ते उजव्या हाताने पट्ट्या दाबत आणि शेजारी बसून आई भाता हलवी. एकदा त्यांनी मुद्दाम नुसती पेटी रेकॉर्ड करून घेतली. "मी नसताना हिका लागतली," म्हणाले. ते मी मोबाइलवर लावलं, तर आई म्हणाली, "ह्यो डास कित्या गुणगुणता?"

पियानोचे स्पीकर मात्र दणदणीत. त्याला पेनड्राइव्ह लागतो असं खोक्यावरच छापलेलं. रेकॉर्डिंग त्यात भरून लावला, तर पडद्यावर काहीच नाही. शेजारचे काका धावून आले. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं त्यांना कळतात. त्यांनी पेनड्राइव्ह काढला, त्यात फुंकर मारली, परत घातला. "आता चालेल," म्हणाले. चालला नाही.

शेवटी नाक मुठीत धरून मॅन्युअल उघडलं. पियानोसाहेबांना पेनड्राइव्ह फॅट थर्टीटू फॉरमॅटचा लागतो आणि गाणं वेव्ह फाइलमध्येच लागतं. मोबाइलची फाइल त्यांच्या घराण्यात चालत नाही. बरं बाबा, म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, फाइल बदलून घेतली. आता पडद्यावर उमटलं, 'नो साँग'. निदान बोलायला तरी लागला.

दोन दिवस मी त्याच्याशी भांडलो. मग बायको म्हणाली, "दाखव बघू, काय भरलंयस त्यात?" त्यात एक फोल्डर होता, नाव '॥ श्री ॥'. आमच्या घरात वाण्याच्या यादीवरही आधी श्री लिहितात, मग बाबांचं काम त्याशिवाय कसं सुरू करणार? आत फाइल, 'बाबांची पेटी'.

"अरे, त्याला मराठी वाचता येतं का? आणि फोल्डरमध्ये कशाला कोंबलंस?"

फाइल उघड्यावर ठेवा, नाव इंग्रजी अक्षरांत द्या, असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. ते पान मी घाईत उलटलं होतं. एवढा शहाणा मी.

वर्षश्राद्धाची जेवणं आटपल्यावर मी बटण दाबलं. आधी बाबांचा आवाज आला, "हां, घे गो." मग पेटी वाजली, थेट घरातल्यासारखी. आई पियानोजवळ येऊन बसली. सुरुवातीची ओळ संपली तरी ती गप्पच. बाबांनी तीच ओळ पुन्हा वाजवली. ती नेहमी उशीर करायची, त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला आईने सूर धरला.

मी रडलो, त्यात लाज कसली. काका माझ्या कानात म्हणाले, "बघ, फुंकर लागू पडली."

मग माझं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. डोळे मिटून ती गात होती, आणि तिचा हात पियानोच्या पाठीमागे चाचपडत भाता शोधत होता. तो मी घाटकोपरला देऊन आलो होतो.