चिंधू आबांचा कान

चिंधू आबा गाणं उभ्याने ऐकायचे. खंडाळ्याच्या त्या बंगल्यात आठ माणसं लोळतील एवढा सोफा होता, पण आबा दिवाणखान्याच्या चौकटीला खांदा टेकवून, हातात पुसायचं फडकं धरून उभे. गाणं तासाचं असेल तर तासभर. मी एकदा म्हटलं, "आबा, बसा की. सोफा काय चावतो का?" तर म्हणाले, "बसल्यावर गानं गुडघ्यात उतरतं. उभ्यानं कानातच ऱ्हातं." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण नक्कल करायला वाक्य एक नंबर आहे.

आबा त्या बंगल्याचे राखणदार. मूळचे आंदर मावळातले. एसटी जिथे संपते तिथून पुढे तासभर चाललं की त्यांचं गाव. भातखाचरं मुलगा बघायचा आणि आबा अठ्ठावीस वर्षं बंगल्यामागच्या खोलीत. बंगला मुंबईच्या एका साहेबांचा. साहेबांना गाण्याचं वेड. छातीएवढे दोन स्पीकर, उचलताना पाठ धरेल असा अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि भिंतभर सीड्या. पण खंडाळ्याची हवा अशी की चपलेला बुरशी, पट्ट्याला बुरशी, चार दिवस गप्प बसलात तर तुम्हालाही बुरशी. म्हणून साहेबांनी आबांना सांगून ठेवलेलं, की रोज अकरा वाजता मशीन तासभर चालू ठेवायची, म्हणजे आत ओल धरत नाही. आबांनी विचारलं, काय लावू? साहेब म्हणाले, काही पण लाव.

आता "काही पण" म्हणजे नेमकं काय? आबांनी शेतकऱ्यासारखा विचार केला. फळीच्या डाव्या टोकापासून रोज एक सीडी, उजवं टोक आलं की उलट फिरायचं. "औत बांधाला टेकलं की वळवायचं," म्हणायचे. अशी ती भिंत त्यांनी किती वेळा नांगरली देव जाणे. सीडीवरची इंग्रजी नावं वाचता यायची नाहीत, म्हणून गवयांना नावं त्यांनीच ठेवली होती. एक "खाकरनारी बाई", एक "रुसल्याला म्हातारा", आणि एक परदेशी पियानोवाला, तो "पायरीवरनं गोट्या सांडनारा". आवाज कधी वाढवायचे नाहीत. "आवाज मोठा नगं, खोली मोठी झाली पायजे," हे त्यांचं ठरलेलं. आणि खरंच, ते सुरू करून दोन पावलं मागे सरकले की भिंती जरा लांब गेल्यासारख्या वाटायच्या. मी याच धंद्यातला, पण हे मला त्यांनी दाखवलं.

माझा धंदा म्हणजे लोणावळ्यातल्या दुकानात नोकरी. बंगल्याबंगल्यांत जाऊन टीव्ही, वायफाय, साउंड बसवायचं. शिक्षण वडगावला बारावीपर्यंत. तिथे मी गाजलो ते मार्कांसाठी नाही. हेडमास्तरांपासून तहसील कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. आबांनी पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं: नकल्या.

तो पहिला दिवस म्हणजे मशीन बदलायचा दिवस. साहेब वारले आणि बंगला त्यांच्या मुलाकडे आला. आबा त्याला दादा म्हणायचे. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन घाटातली रेल्वे दाखवायला न्यायचे. दादा आता तिशी ओलांडलेला, माणूस चांगला. प्रत्येक वाक्य "अ‍ॅक्च्युअली"ने उघडायचं आणि "यू नो ना"वर सोडून द्यायचं, एवढीच खोड. माझ्यासारख्याला ती खोड म्हणजे जेवणाचं ताट. दादाने सीडी प्लेअर काढायला लावला आणि त्या जागी स्ट्रीमर मागवला. डब्याएवढं काळं यंत्र. साहेबांच्या सगळ्या सीड्या मी पुढचा आठवडाभर बसून त्यात भरल्या, शिवाय इंटरनेटवरून जगातलं कुठलंही गाणं. सगळं चालवायचं मोबाइलवरून.

जोडणी झाली. दादा सोफ्यावर डोळे मिटून बसला. "वा! अ‍ॅक्च्युअली खूपच फरक आहे, यू नो ना."

चौकटीतून आबा म्हणाले, "तबलजी उठून खिडकीकडं का गेला?"

दादा हसला. मला हसू आलं नाही. मी मागे वाकून बघितलं, तर डाव्या-उजव्याच्या वायरी उलट्या लावल्या होत्या. गुपचूप बदलल्या.

"आला माघारी," आबा म्हणाले.

"अ‍ॅक्च्युअली आता अजूनच ओपन वाटतंय," डोळे न उघडता दादा.

दादा निघताना आबा त्या काळ्या डब्याभोवती फिरले. पुढून बघितलं, मागून बघितलं. "ह्याला बटान कुटाय?" दादा म्हणाला, "आबा, याला बटण नसतं. अ‍ॅक्च्युअली आता रोज लावायचीही गरज नाही. बंदच राहू दे." आबा "बरं" म्हणाले. दादाची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मला म्हणाले, "साहेबांनी लाव म्हनून सांगितल्यालं. बंद कर म्हनायला साहेबच आलं पायजेत."

मग मी माझं डोकं चालवलं. आबांच्या मोबाइलमध्ये ते अ‍ॅप टाकलं, दादाच्याच खात्याने. आबांनी विचारलं, "दादाला इचाराय नगं का?"

"कशाला? कोणाला कळतंय?"

कळतं. जुन्या सीडी प्लेअरला तोंड नव्हतं. नवं यंत्र सगळं सांगतं. काय चालू आहे, कधीपासून चालू आहे, हे त्या खात्याच्या प्रत्येक फोनवर दिसतं. मला हे माहीत होतं, माझं कामच ते. पण दादा कशाला बघत बसतोय, असं मी धरून चाललो.

आबा रोज अकराला परत चौकटीत उभे राहायला लागले. आणि मी दुपारी कुणाच्या तरी फोनवरून त्यांना फोन करायला लागलो, कारण माझा नंबर त्यांच्याकडे होता. पहिल्यांदा मी दादाच्या आवाजात म्हटलं, "आबा, अ‍ॅक्च्युअली संध्याकाळी वीस जण येतायत. पिठलं-भाकरीच करा, यू नो ना." संध्याकाळी सहज गेलो तर आबा कोपरापर्यंत पिठात. मी तिथेच दादाच्या आवाजात "आबा, अ‍ॅक्च्युअली कोणी येत नाहीये" म्हटलं, तर उलथणं घेऊन फाटकापर्यंत माझ्यामागे. भाकऱ्या आम्ही दोघांनी तीन दिवस खाल्ल्या. त्यानंतर मात्र ते फसेनात, उलट माझ्यावरच डाव टाकायला लागले. मी "आबा, सगळं ठीक ना?" म्हणायचा अवकाश, "व्हय दादा, पार्टी चालू हाय. पन्नास मानसं नाचत्यात. तुमी बी या." मी हसून फोन ठेवायचा. हा आमचा खेळ झाला.

इथे एक सांगायला हवं. लोणावळा-खंडाळ्यात मालक मुंबईला आणि राखणदार परस्पर बंगला पार्टीला देतो, अशा गोष्टी कानावर येत असतात. खऱ्या किती, खोट्या किती कोण जाणे. पण बंगलेवाल्याला त्याचीच धास्ती.

एका बुधवारी शेजारच्या बंगल्यात काम होतं म्हणून दुपारी मी आबांकडे डोकावलो. आबा चहा गाळत होते आणि एकटेच हसत होते.

"नकल्या, आज कडी केलीस रं."

"काय केलं?"

"आरं, आज राग बी आनलास की आवाजात! 'आबा, बंगल्यात कोण आहे?' मी म्हनलं, पार्टी चालू हाय. तर तू म्हनतोस, 'आबा, मी मस्करी करत नाहीये.' लय झ्याक! मग मी बी सोडतोय व्हय? म्हनलं, दादा, नाचाय बाया बी आनल्यात."

"आबा, मी आज फोन केलेला नाही."

"हां, ही आता फुडची नक्कल."

"आबा. आईशप्पथ."

आबांनी गाळणं खाली ठेवलं. मी त्यांचा मोबाइल घेऊन नंबर बघितला. बंगळूरचा. दादा कामासाठी तिकडे गेला होता. हातातल्या मोबाइलवर बंद बंगल्यात गाणं चालू असलेलं त्याला दिसलं असणार आणि टेबलावरच्या ऑफिसच्या फोनवरून त्याने विचारलं असणार.

"मग त्यो अ‍ॅक्च्युअली कसं न्हाई म्हनला?" आबांनी विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं.

राग आला की माणूस आपली खोडसुद्धा विसरतो. हे नकल्यालाही माहीत नव्हतं.

आबांनी दादाला तीन वेळा फोन लावला. चौथ्यांदा दादाने उचलला. "आबा, उद्या सिक्युरिटी एजन्सीचा माणूस येईल. किल्ल्या त्याच्याकडे द्या." एवढंच. आबांना "दादा, आयका" याच्या पुढे जाताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा माणूस नवीन कुलपं घेऊन आला. आबांचं सगळं सामान एक ट्रंक, एक वळकटी आणि स्टोव्ह. निघायच्या आधी त्यांनी दोन्ही स्पीकर पुसले. तो माणूस म्हणाला, "चला आबा, उशीर होतोय." आबांनी फडकं झटकलं, घडी घातली आणि त्याच्या हातात दिलं. "सुकंच फडकं वापरायचं. वल्लं न्हाई."

मी त्यांना वडगावपर्यंत सोडलं. मी लगेच दादाला फोन करायला हवा होता. पण अ‍ॅप कोणी टाकलं हे दुकानात कळलं तर माझी नोकरी जाणार होती. मला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी दुकानात सगळ्यांना हसवत होतो, हे लिहायला बरं वाटत नाही.

शेवटी दादाला फोन केला, माझ्या स्वतःच्या आवाजात. तो वापरायची मला फारशी सवय नाही. सगळं सांगितलं.

"म्हणजे तूही त्यात होतास," दादा म्हणाला.

"पार्टी नव्हतीच हो. आबांना वाटलं, फोनवर मी आहे. तुमचा आवाज काढतोय."

"काहीही सांगतोस. करून दाखव."

"आत्ता?"

"आत्ताच्या आत्ता."

दुकानामागच्या खोक्यांच्या ढिगात उभं राहून मी म्हटलं, "आबा, अ‍ॅक्च्युअली मी काय म्हणतो, सगळं ठीक आहे ना तिकडे? यू नो ना." आवाज नेमका निघाला. अजिबात निघायला नको होता असं वाटलं.

मग दादा म्हणाला, "मी असा बोलतो?" आणि थोड्या वेळाने, "रोज लावतात हे माहीत होतं, पण ते बाबांनी सांगितलेलं, हे मला कोणीच बोललं नाही." मग म्हणाला, "त्यांना परत यायला सांग. मी करतोय फोन, ते उचलत नाहीत."

मी आंदर मावळात गेलो. एसटीतून उतरून तासभर चाललो. आबा खळ्यावर भात झोडत होते.

"आबा, दादाने बोलावलंय. चूक झाली म्हणतो. मी सगळं सांगून टाकलं."

"बरं केलंस." पेंढी झोडत राहिले.

"मग चला."

"कुटं?"

"खंडाळ्याला."

त्यांनी पेंढी खाली ठेवली. "त्याला खांद्याव घ्यून दरीव गेलतो मी. त्याचा आवाज बारका असल्यापास्नं ऐकतोय. फुटला तवा बी मीच ऐकला. आन् त्या दिशी त्यो कळवळून इचारत व्हता, तर मला वाटलं तू हायस." मग म्हणाले, "तबलजी कुनीकडं बसलाय त्ये कळायचं मला. मानूस कळला न्हाई."

"आबा, चूक माझी आहे. नक्कल मी केली."

"नक्कल चांगलीच व्हती तुजी. कान माजा व्हता."

मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "आन् त्यानं तरी कुटं वळखलं?" ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्सं तितं व्हतो मी. बाया नाचवतोय म्हनलं, आन् त्याला पटलं. आता माघारी जाऊन ऐकायचं काय?" पुढची पेंढी उचलली. सून चहा घेऊन आली. मी तो उभ्याउभ्या प्यायलो आणि परत निघालो.

आबा खंडाळ्याला परत गेले नाहीत. दादा स्वतः एकदा गावी जाऊन आला. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

मी दर रविवारी आबांना फोन करतो. ते उचलतात, "कोन?" विचारतात. मी नाव सांगतो. मग ते म्हणतात, "तू कशावरनं?" पहिल्यांदा मला ती मस्करी वाटली आणि मी हसलो, तर त्यांनी फोन ठेवून दिला. आता मी हसत नाही. कोणत्या बंगल्यात उंदरांनी वायर कुरतडली, आईचा गुडघा कसा आहे, सकाळी काय खाल्लं, असं माझं मला जे असेल ते सांगत बसतो. कुणाची लकब येऊ न देता बोलायचं असतं, आणि ते मला अजून नीट जमत नाही. आबा मध्ये एक शब्द बोलत नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतात. मग कधी म्हणतात, "हां, तूच हायस. बोल आता."

गेल्या रविवारी बोलता बोलता मध्येच कुणाचा तरी हेल निघून गेला माझ्या तोंडून. मी पटकन सावरलं, पुढे बोललो, सगळं सांगून झाल्यावर थांबलो. पलीकडे खळ्यावरच्या कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"बघू फुडच्या आयतवारी," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.