बरणीच्या मागं लिहिलेलं

बरणी देखणी असली की आत काय आहे हे मी विचारत नाही. म्हणजे तेव्हा विचारत नव्हते. पदवी घेतलेली, सोलापुरात नोकरी करणारी बाई मी, पण माझ्या आरशापुढची फळी बघितली असती तर तुम्ही हसला असता. गुलाबाची बाटली, कोरफडीची बाटली, हळदीची ट्यूब. सगळी पुढची चित्रं बघून आणलेली.

सासरे गेले आणि सासूबाई मंगळवेढ्याजवळच्या गावाहून आमच्याकडं राहायला आल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. सोबत आणली ती जुनी शुगर आणि दोन्ही टाचांच्या भेगा. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी पाय उलटसुलट करून बघितला आणि स्पष्टच सांगितलं, "आजींच्या पायाची जाणीव कमी झालीय. भेग खोल गेली, पू झाला, तर पाय वाचवणं अवघड." आत्यांच्या गावातल्या एका बाईचा पाय असाच गुडघ्यापासून काढला होता. परत येताना रिक्षात त्या एवढंच बोलल्या, "मला हुरड्याला माज्या पायानं रानात जायाचं हाय बग. उचलून न्हेऊ नगा."

डॉक्टरांनी दिलेली ट्यूब पांढरी, बिनवासाची, दिसायला अगदी गरीब. घरी येऊन वाचली तर काय, त्यात यूरिया! अहो, यूरिया उसाला टाकतात. तो म्हाताऱ्या माणसाच्या टाचेला? माझं डोकंच फिरलं. ट्यूब भिरकावली कपाटावर आणि बाजारातून भारीतली काचेची बरणी आणली. वर केशराच्या काड्या, फोडलेले बदाम, कडेनं सोनेरी वेलबुट्टी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आत्यांचा पाय मांडीवर घेऊन मी चोळायची. त्यांना लई बरं वाटायचं. "लग्नघरागत वास येतुया गं," म्हणायच्या. मी खूश. सून असावी तर अशी, असं मनातल्या मनात स्वतःलाच म्हणून घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत फरशीवर लाल ठिपके. मला वाटलं कुंकू सांडलं. वाकून बघितलं आणि ठिपक्यांमागं स्वयंपाकघरात धावले. टाच उकलली होती, रक्त येत होतं, आणि आत्या निवांत चहा गाळत होत्या.

"आत्या, दुखत नाही का?"

"न्हाय की. काय झालं?"

त्यांना कळलंच नव्हतं. तसंच रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जखम धुतली आणि विचारलं, "मी दिलेलंच मलम लावत होता ना?" मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "मीच नगं म्हनले. वास न्हाय त्येला."

मग डॉक्टरांनी त्यांना जे झापलं! "आजी, पाय हवाय का नकोय तुम्हाला?" आत्या खाली मान घालून ऐकून घेत होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. आणि चोर शेजारच्या स्टुलावर पर्स पोटाशी धरून गप्प बसला होता. लाज वाटत होती, पण बोलले नाही. खरं सांगते, घाबरले.

पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "जखम भरेपर्यंत फक्त पट्टी. मग ती ट्यूब. आणि पुढचं चित्र बघून काही आणू नका, मागची यादी वाचा. जे जास्त असतं ते आधी लिहितात."

घरी आल्यावर आत्यांनी दोन्ही वस्तू पुढ्यात मागितल्या. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं.

"पहिलं काय?"

"पाणी."

"पानी? एवढ्या देखण्या बरणीत? बरं, फुडं?"

पुढं मिनरल ऑइल, मग मेण, मग कसली कसली लांबलचक नावं, मग सेंट. सेंटच्याही मागं बदाम, आणि सगळ्यात शेवटी केशर.

"वासाच्या बी मागं बदाम? मंग नावालाच की गं त्यो!" आत्या हसायलाच लागल्या. "आता ती गरीब वाच."

"तिच्यातही पहिलं पाणीच आहे."

"पानी समद्यातच असतंय. त्येच्या मागं कोन हाय?"

"यूरिया," मी पुटपुटले.

"मंग? वळखीचाच हाय की! पोत्याचं तोंड उगडं ऱ्हायलं तर हवेतली वल वढून घेतोय त्यो, पार गच्च हुतंय पोतं. टाच कोरडी पडली म्हनून तर फुटतीया. तिला वल धरनाराच पायजे." आणि मग शांतपणे म्हणाल्या, "तुजे सासरे पोत्यावरचं हिरवं पीक कदी बगायचे न्हाईत. पोतं पालथं घालून मागचे आकडे वाचायचे, मोठ्यानं, मला ऐकू येतील असे."

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजींचं बरोबर आहे, शिवाय कडक कातडी मऊ करतो तो. मात्र औषधाचा यूरिया वेगळा, शुद्ध केलेला, मोजून घातलेला. त्यावर आत्यांनी विचारलंच, "मंग गावाकडनं मूठभर आनू का?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

भेग भरायला दिवाळी ते संक्रांत लागली. रोज मी पाय बघायची, बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि जखम मिटल्यावर ती गरीब ट्यूब लावायला लागले.

हुरड्याला आम्ही गावी गेलो. अनवाणी चालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून नऊवारी लुगडं आणि खाली नातवाचे कापडी बूट, अशा थाटात आत्या बांधावरून निघाल्या. कुणाचा हात धरला नाही. इतके महिने विचारायचं राहिलेलं मी तिथं विचारलं, "आत्या, त्या दिवशी डॉक्टरांपुढं स्वतःवर का घेतलंत?"

त्या थांबल्या. "त्यो तुला बोलला असता तर भ्याली असतीस तू. पुन्यांदा माज्या पायाला हात लावला नसतास. आन मला तर पाय पायजे व्हता."

एवढं बोलून त्या ज्वारीत शिरल्या. मी बांधावरच खाली बसले आणि पोटभर रडले.