यमुनाआजींचं शून्य

भाजलेल्या शेंगांचा वास आला की आजही माझी मान खाली जाते. जालना जिल्ह्यातल्या एका गावात मी टेलिफोन मेकॅनिक होतो. पहिलं शून्य दाबलं की आमचं नवं डिजिटल एक्स्चेंज बाहेरगावचा कॉल ओळखायचं. गावातल्या यमुनाआजींचा सुरतेच्या लेकाला फोन लागेना. "आजी, तुम्हाला साधं शून्य दाबता येत न्हाई!" मी खेकसलो. एक्स्चेंजवर परतल्यावर कॉम्प्युटरवर दिसलं, त्यांच्या नंबरची एसटीडी, म्हणजे बाहेरगावच्या कॉलची सोय, मीच चुकून बंद केली होती. गुपचूप चालू केली.

दुसऱ्या दिवशी आजी पदरात गरम शेंगा घेऊन आल्या. "दिवसभर शून्य दाबून राह्यले बाबा, बोट दुखलं, पण लागला. तुम्ही शिकवलं म्हणून."

शेंगा घेत मी म्हणालो, "आता विसरू नका."