डिकीतला नारळ

तुमच्या आजोबांनी मला विचारलेला शेवटचा प्रश्न गाडीबद्दल होता. कणकवलीच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्यांना जरा बरं वाटत होतं. तोंडावरचा मास्क बाजूला सारून ते म्हणाले, "काल ॲव्हरेज किती पडलो गो?" मी वैतागले. "गप पडान रवा. जीव वाचलो तां बघा, गाडीचां काय घेवन बसलात!" ते हसले. मी खाली चहा प्यायला गेले, आणि वर आले तेव्हा त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता...

ईशान, मुक्ता, या गोष्टीला आता दोन महिने होत आले. तुमचे बाबा फोनवर म्हणतात, "आई, गाडी विकून टाक, उभ्या उभ्या गंजेल." त्यांचं काही चुकत नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि गाडी रस्त्यावर काढल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. तुमच्याकडच्या गाड्यांना क्लचच नसतो, तेव्हा तुम्हांला हे सगळं सविस्तरच सांगायला हवं.

आजोबांचा जन्म जमिनी मोजण्यात गेला. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही छोटी पांढरी गाडी घेतली आणि शेतांचे बांध संपले म्हणून पेट्रोल मोजायला लागले. टाकी काठोकाठ भरायची, पुढच्या वेळी पुन्हा तशीच काठोकाठ भरायची, आणि मधल्या किलोमीटरना लागलेल्या लिटरनी भागायचं. बावीसच्या खाली आकडा आला की त्या दिवशी जेवणात मीठ कमी आहे असं त्यांना वाटायचं. टायरची हवा ते सकाळी, गाडी गार असतानाच बघत. डिकीत निष्कारण ओझं चालत नसे. एकदा बांद्याहून निघताना त्यांची थोरली बहीण, आक्का, दोन फणस घेऊन गाडीपाशी आल्या, तर हे विचारतात, "वजन किती?" आक्का म्हणाल्या, "कोणाचां? माझां काय फणसाचां?" फणस आले, पण जामसंड्याला घरी पोचेपर्यंत आजोबांनी तोंड उघडलं नाही.

एवढ्या काटेकोर माणसाची एक खोड मात्र चुकीची होती. दर महिन्याला आम्ही वालावलला, त्यांच्या मूळ गावी, लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला जात असू. वाटेत लांब उतार लागला की ते गाडी न्यूट्रल करून सोडून देत. "फुकट जाता बघ," असं कौतुकानं म्हणत. एका पावसाळ्यात अशाच उतारावर समोर म्हैस आली, ब्रेक पुरते लागेनात, आणि गाडी गटाराच्या कडेला जाऊन थांबली. घरी आल्यावर मी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. त्यात लिहिलं होतं की उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, आणि तेवढा वेळ पेट्रोल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते थोडं थोडं जळत राहतं. आजोबांना हे पटेना. मग एक महिना त्यांच्या पद्धतीनं आणि एक महिना पुस्तकाच्या पद्धतीनं गाडी चालवली. दुसऱ्या महिन्याचा आकडा त्यांनी ओटीवर बसून तीनदा भागून पाहिला. शेवटी म्हणाले, "पुस्तकान माझी मोजणी खोटी पाडल्यान." त्यानंतर न्यूट्रल बंद.

त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. "गाडी तू चालव, आयकूचां काम माझां," असं म्हणून त्यांनी रिकाम्या डिकीत एक सोललेला नारळ सुटा ठेवला. माझी शिकवणी ती हीच. गाडी हळूच उचलायची, वेग येताच वरचा गिअर टाकायचा, लांबवर गतिरोधक दिसला की आधीच पाय काढायचा. सगळं बरोबर झालं की नारळ जागचा हलत नाही. घाई केली, करकचून ब्रेक मारला, की मागे धाडकन वाजतो. "वाजलो गो! पेट्रोल सांडलां!" क्लचवर पाय राहिला तर, "तां काय पायपुसणां आसा?" खड्ड्याला तेवढी माफी होती. वालावलपर्यंत न वाजता पोचलेला नारळ देवापुढे जायचा, आणि वाजलेला आमच्या माशांच्या कढीत. पहिले सहा महिने आम्ही कढी फार खाल्ली.

त्या सकाळी ते न्हाणीघरातून छाती धरून बाहेर आले. मी त्यांना गाडीत बसवलं आणि निघाले. दहा किलोमीटरवरचं तळेबाजार मागे पडलं तरी, तुम्हांला खरं सांगते, मी सवयीनं हळूच गिअर बदलत होते. पाय त्यांनी शिकवलेलंच करत होता. ते डोळे मिटून होते. एकदम म्हणाले, "आज गडगडांदे तेका." मग मी पाय दाबला. कणकवली येईपर्यंत तो नारळ डिकीत इकडून तिकडे आपटत होता आणि आजोबा एकदाही "वाजलो गो" म्हणाले नाहीत.

नंतर गाडी शेजाऱ्यांनी आणून लावली. माझ्यानं तिच्याजवळ जाववेना. सवयीचे ते पहिले दहा किलोमीटर सारखे आठवत. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आणलंत. तरी आठवत.

गेल्या सोमवारी सकाळी किल्ली घेतली. बॅटरी उतरलेली. शेजाऱ्यांनी धक्का दिला, मी दुसऱ्या गिअरात क्लच सोडला आणि गाडी खोकत सुरू झाली. डिकी उघडली. नारळ तिथंच होता, एका बाजूनं शेंडी झिजलेली. तो तसाच राहू दिला आणि पंपावर गेले. त्यांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळीच आम्ही टाकी भरली होती, म्हणजे मधला हिशोब कणकवलीला जाण्यायेण्याचाच. पंपावरच्या माणसाला म्हटलं, काठोकाठ भर. भागाकार तिथंच, पावतीच्या मागे केला.

येताना नारळ वाजला नाही. वळणावर नाही, बाजारातल्या गतिरोधकांवरही नाही. घराच्या फाटकापाशी आले आणि मी मुद्दामच ब्रेक जोरात दाबला. तो मागून गडगडत येऊन सीटच्या पाठीवर आदळला. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून बघितलं.

"साडेसोळा पडलो," मी मोठ्यानं सांगितलं.

मग इंजिन बंद केलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलेलं त्यांना खपत नसे.